रुग्णसेवकांचा सामूहिक करार : तो घडतो कसा?

स्मरणिकेच्या पानांवर आठवणींना आणि ऋणनिर्देशाला पहिला मान असतो, आणि तो असावाच. तथापि संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख लिहिण्यास सांगितले, तेव्हा विषयासाठी आम्हांस फार शोधाशोध करावी लागली नाही. आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली किती तरी मुलेमुली आज रुग्णालयांत काम करीत आहेत. कोणी स्टाफ नर्स आहे, कोणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, कोणी रुग्णवाहिका चालवितो, तर कोणी वॉर्डात 'मामा' किंवा 'मावशी' म्हणून ओळखले जातात. त्यांच्याशी बोलताना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो : तुमचा पगार कोण ठरवितो? बहुतेकांचे उत्तर असते, 'वरचे ठरवतात.' हे उत्तर अर्धवट आहे. ते अर्धवट का आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

रुग्णालयातील कर्मचाऱ्याचे वेतन साधारणपणे तीन वाटांनी ठरते. सरकारी सेवेत कायम असलेल्यांचे वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार ठरते. खासगी रुग्णालयांत वेतनाचा तळ किमान वेतनाच्या अधिसूचनेने बांधला जातो. आणि जेथे संघटना उभी आहे, तेथे त्या तळाच्या वर किती चढावयाचे हे संघटना व व्यवस्थापन यांच्या लेखी करारातून ठरते. या तिसऱ्या वाटेस सामूहिक करार म्हणतात. पहिल्या दोन वाटांवर कर्मचाऱ्याची सही कोठेही नसते. तिसऱ्या वाटेवर त्याच्या प्रतिनिधीच्या सहीशिवाय कागद पुरा होत नाही. फरक एवढाच आहे, परंतु तो लहान नाही.

रुग्णालय हा 'उद्योग' आहे काय?

ही वाट रुग्णसेवकांना आपोआप मिळालेली नाही. कामगार कायद्याचे संरक्षण 'उद्योगा'तील कामगारास असते, आणि रुग्णसेवा हा उद्योग नव्हे, ती सेवा आहे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला गेला. तो ऐकावयास उदात्त वाटतो. त्याचा व्यवहारातील अर्थ मात्र असा होता, की सेवा करणाऱ्यास नोटीस न देता घरी पाठविता येते.

या युक्तिवादाची पहिली मोठी कसोटी मुंबईतच लागली. जे. जे. रुग्णालय समूहातील काही वॉर्ड-सेवकांना कामावरून कमी करण्यात आले. कपातीच्या वेळी द्यावयाची नुकसानभरपाई त्यांना दिली गेली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा या संघटनेने त्यांची बाजू घेऊन न्यायालयाचे दार ठोठावले. मुंबई राज्य सरकारचे म्हणणे होते, की रुग्णालय हा उद्योगच नाही, सबब औद्योगिक विवाद कायद्याचा प्रश्नच येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६० च्या जानेवारीत निकाल लागला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात रुग्णालय हा कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरला. ज्यांच्या हाती झाडू, बेडपॅन आणि स्ट्रेचर होते, त्या माणसांच्या खटल्यातून देशभरच्या रुग्णसेवकांचा हक्क सिद्ध झाला, ही गोष्ट आमच्या मते शाळेच्या पाठ्यपुस्तकात असावयास हवी होती.

हा विजय टिकला मात्र दहाच वर्षे. १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट मत दिले. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'उद्योग' शब्दाची व्यापक व्याख्या केली आणि रुग्णालये पुन्हा कायद्याच्या छत्राखाली आली. पुढे १९८२ मध्ये संसदेने रुग्णालयांना व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती मंजूर केली, परंतु व्याख्येचा तो भाग कधी अमलातच आणला गेला नाही. कायदा पुस्तकात असणे आणि अमलात असणे यांतील अंतर आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको.

टेबलापलीकडे बसण्याचा अधिकार

कायद्याचे संरक्षण मिळाले तरी दुसरा प्रश्न उरतोच. व्यवस्थापनाने बोलावे कोणाशी? १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेस नोंदणी दिली, पण नोंदणीकृत संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे असे बंधन घातले नाही. पाच जणांचे शिष्टमंडळ बाहेर बाकावर बसवून ठेवावे आणि सायंकाळी 'साहेब गेले' म्हणून सांगावे, यात बेकायदा काही नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्याची ही बाजू जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. मुंबई कायदेमंडळात आलेल्या औद्योगिक तंटा विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने येत होती, म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात ते अग्रभागी होते. संप करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना सरकार, मालक व कामगार या तिघांनी एकत्र बसून विचार करावा ही त्रिपक्षीय परिषदेची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत रुजली. आणि १९४३ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात जे विधेयक मांडले, त्याचा गाभा हाच होता : प्रातिनिधिक संघटनेस मान्यता देणे मालकावर बंधनकारक असावे. १९४७ मध्ये अशी दुरुस्ती मंजूर झाली. तीही अमलात आली नाही.

महाराष्ट्राने ही उणीव १९७१ च्या कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली. त्याचे लांबलचक नाव कामगार मंडळींत 'एमआरटीयू-पीयूएलपी' असे घेतले जाते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, अर्जापूर्वीच्या सलग सहा महिन्यांत किमान ३० टक्के कर्मचारी ज्या संघटनेचे सभासद आहेत, ती औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करू शकते. सभासदत्व तोंडी चालत नाही. न्यायालयाचा तपासणी अधिकारी वर्गणीच्या पावत्या आणि सभासद नोंदवही पाहतो. मान्यता मिळाल्यावर त्या संघटनेशी सद्‌भावनेने वाटाघाटी करण्यास नकार देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरते, आणि तसाच नकार संघटनेने दिल्यास तिचीही. वर्षानुवर्षे 'बदली' किंवा 'तात्पुरता' ठेवून कायमपणाचा लाभ नाकारणे, ही याच कायद्याने अनुचित ठरविलेली आणखी एक प्रथा. रुग्णालयांत ती किती परिचयाची आहे, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे.

पन्नासपेक्षा कमी माणसांच्या नर्सिंग होमना हे दालन बंद आहे. तेथील परिचारिकेस किमान वेतनाचाच आधार. याविषयी पुढे केरळच्या संदर्भात लिहीत आहोत.

मागणीपत्र आणि बेरीज

करार होतो तो मोर्च्यात नव्हे, कागदावर. आणि त्या कागदाची सुरुवात मागणीपत्रापासून होते. जुन्या कराराची मुदत बहुधा तीन-चार वर्षांची असते. मुदत संपली म्हणून तो लगेच नाहीसा होत नाही. औद्योगिक विवाद कायद्याची योजना अशी होती, की एका पक्षाने लेखी नोटीस देऊन दोन महिने लोटेपर्यंत तो बंधनकारक राहतो. ही नोटीस द्यावयाची आणि सोबत नवे मागणीपत्र सादर करावयाचे, हा रिवाज आहे.

चांगले मागणीपत्र संघटनेच्या कार्यालयात नव्हे, वॉर्डात तयार होते. दिवसपाळीच्या सभेला रात्रपाळीची माणसे येऊ शकत नाहीत, म्हणून सभा दोनदा घ्यावी लागते. पुरुष कार्यकर्ते वेतनश्रेणीवर बोलत राहतात, आणि परिचारिका बोलू लागल्या की कपडे बदलावयाची खोली, रात्री दोन वाजता ड्यूटी संपल्यावर घरी जाण्याची सोय, पाळणाघर, सुई टोचली तर तपासणी व उपचाराचा खर्च, कावीळ-बीची लस हे विषय पुढे येतात. या मागण्यांना पैसा कमी लागतो आणि त्या मान्य होण्याची शक्यता अधिक असते, तरी त्या यादीच्या तळाशी ढकलल्या जातात. आम्हांस हा दोष संघटनांचा वाटतो, व्यवस्थापनाचा नव्हे.

खाटांमागे परिचारिका किती, हा प्रश्न तर वेतनाहून मोठा. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांप्रमाणे शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक व सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकटी सिस्टर संपूर्ण वॉर्ड सांभाळताना आपण पाहतो. ही मागणी कराराच्या टेबलावर ठेवली गेली, की रुग्णाचे नातेवाईकही नकळत त्या टेबलावर कर्मचाऱ्यांच्या बाजूस येऊन बसतात.

वाटाघाटीत व्यवस्थापनाचे पहिले वाक्य ठरलेले असते : परवडत नाही. यास उत्तर घोषणेने देता येत नाही, ताळेबंदाने देता येते. महाराष्ट्रातील पुष्कळ मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर होतात. जो प्रतिनिधी ते वाचून येतो, त्याच्यासमोर 'परवडत नाही' हे वाक्य फार काळ उभे राहत नाही. आणि कधीकधी ते खरेच असल्याचे त्यालाही कळते. तेव्हा हप्त्याहप्त्याने वाढ मागण्याचा शहाणपणा त्याने दाखवावा.

आता एक छोटी बेरीज. व्यवस्थापन म्हणते, दरमहा १,००० रुपये वाढ देतो, पण 'विशेष भत्ता' म्हणून. संघटना म्हणते, मूळ वेतनात द्या. हातात पडणारी रक्कम जवळपास तीच, मग भांडण कशाचे? जेथे पूर्ण मूळ वेतनावर भविष्य निर्वाह निधी भरला जातो, तेथे मूळ वेतनातील १,००० रुपयांमागे मालकाला १२ टक्क्यांप्रमाणे दरमहा १२० रुपये अधिक भरावे लागतात. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, ही शेवटच्या वेतनाच्या १५ भागिले २६ या प्रमाणात सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी मिळते. तीस वर्षांच्या सेवेत त्या १,००० रुपयांचे सुमारे १७,३०० रुपये होतात. भत्त्यावर ही मोजणी सहसा होत नसे. नव्या श्रम संहितांनी भत्त्यांचे प्रमाण एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनात धरावयास सांगितले आहे. तरी निम्म्याच्या आतील भत्त्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. आपल्या मुलांना शाळेत शेकडेवारी शिकविली जाते ती नफातोट्याच्या उदाहरणांवर. कधीतरी हे उदाहरणही घालून पाहावे.

संप : शेवटचे आणि अवघड साधन

गिरणी बंद पडली तर कापड थांबते. वॉर्ड बंद पडला तर श्वास थांबू शकतो. म्हणून रुग्णालयातील संपाचे शास्त्र निराळे आहे. लोकोपयोगी सेवेत किमान चौदा दिवसांची पूर्वसूचना, समेटाची कार्यवाही चालू असताना संपास मनाई, मान्यताप्राप्त संघटनेस बहुमताचे मतदान, ही बंधने कायद्यात होती. अत्यावश्यक सेवा कायद्याची तलवार वर टांगलेली असते ती वेगळीच. जाणत्या संघटना अतिदक्षता विभाग, प्रसूती आणि अपघात विभाग संपातून वगळतात, काळ्या फिती लावून काम करतात, बाह्यरुग्ण विभागाचे एक-दोन तास बंद ठेवतात. रुग्णाची सहानुभूती गमावलेला संप दोन दिवसही चालत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे.

नोटीस गेली की समेट अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावतो. येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समेटाबाहेर दोघांनी परस्पर केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार मात्र त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, सभासद नसलेल्यांना आणि उद्या नोकरीस लागणाऱ्यांनाही लागू होतो. म्हणूनच दोन्ही पक्षांचे एकमत आधीच झालेले असले तरी सहीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाण्याची पद्धत पडली.

केरळमधील परिचारिकांचा लढा या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. तेथे खासगी रुग्णालये असंख्य आणि विखुरलेली. प्रत्येकाशी वेगळा करार करणे अशक्य. २०११ मध्ये उभ्या राहिलेल्या युनायटेड नर्सेस असोसिएशनने मग संपूर्ण राज्यासाठी एकच वेतन मागितले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेस २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके असावे. संघटनेने या शिफारशीलाच आपले मागणीपत्र बनविले. २०१७ च्या जुलैत मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत तत्त्वतः मान्यता मिळाली, संस्थाचालक न्यायालयात गेले, महिने लोटले. अखेर २४ एप्रिल २०१८ रोजी चेर्तल्याहून तिरुवनंतपुरमपर्यंत परिचारिकांचा पायी मोर्चा निघावयाचा होता, त्याच्या आदल्या दिवशी अधिसूचना निघाली. मूळ वेतन २०,००० रुपये. एकेका मालकाशी नव्हे, तर सरकारला मध्ये घेऊन सर्व मालकांशी एकाच वेळी केलेली ही सौदेबाजी होती.

आश्वासन आणि शासन निर्णय

आपल्याकडील आशा कार्यकर्त्यांचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण आपल्या गावागावांत त्या आहेत आणि अनेक घरांत त्या सुना, लेकी, बहिणी आहेत. कायद्याच्या दृष्टीने त्या कामगारच नाहीत. त्यांना स्वयंसेविका म्हटले जाते आणि वेतन नव्हे तर मोबदला मिळतो. मान्यता, समेट, करार यांपैकी एकही दार त्यांच्यासाठी उघडे नाही. तरीही त्यांनी वाटाघाटी केल्या. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ, महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या आणि आठवडाभराने १,००० रुपयांची वाढ व ५०० रुपये कोरोना भत्ता पदरात पाडून परतल्या.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा संप झाला. या वेळी ७,००० रुपये वाढीचे आश्वासन मिळाले आणि संप मागे घेण्यात आला. आश्वासन मिळाले, शासन निर्णय निघाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा काम बंद, मग मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम. मार्चमध्ये निर्णय झाला तो ५,००० रुपयांचा, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. दोन हजारांचा हा फरक मंचावरील शब्द आणि सहीचा कागद यांमधला आहे. कायद्याने बांधलेला करार ज्यांना नाकारला जातो, त्यांना मिळालेली गोष्टही पुन्हा मिळवावी लागते.

याच कारणाने रुग्णालयांतील कंत्राटी कामगारांचा प्रश्न आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी २०२२ च्या मे अखेरीस केलेल्या संपाचे प्रमुख कारण वेतनवाढ नसून बाह्यस्रोताद्वारे भरतीस विरोध हे होते. एकाच वॉर्डात दोन मावश्या तेच काम करतात. एकीचे नाव रुग्णालयाच्या हजेरीपटावर, दुसरीचे ठेकेदाराच्या. करार पहिलीला लागतो. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मागणीपत्रात दुसरीचा समावेश केला नाही, तर पुढच्या कराराच्या वेळी पहिलीसारख्या मावश्या मोजक्याच उरलेल्या असतात, आणि ३० टक्क्यांची अट कोणाच्या बळावर पुरी करावयाची हा प्रश्न उभा राहतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि १९२६ व १९४७ चे कायदे तिच्यात विलीन झाले आहेत. वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविण्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. तसा कोणासही नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बसेल. संपाची पूर्वसूचना आता सर्वच आस्थापनांना द्यावी लागेल. आणि 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांनी चालविलेली आस्थापने वगळली आहेत. लाखोंची बिले करणारे न्यासाचे रुग्णालय यांत बसते काय, हा वाद न्यायालयांत जाईल तेव्हा जे. जे. मधील त्या वॉर्ड-सेवकांचा निकाल पुन्हा काढून वाचला जाईल. तोपर्यंत रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नेमणूकपत्राची प्रत, वेतनचिठ्ठ्या आणि संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या एका फाइलमध्ये नीट लावून घरी ठेवाव्यात. तपासणी अधिकारी प्रथम तेच मागतो.